ठिपक्यांची ओळ

आत्याच्या रांगोळीतला ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा असायचा. चिमटीतून तेवढीच पूड सुटायची आणि पुढचा ठिपका अगदी तेवढ्याच अंतरावर पडायचा. आमच्याकडच्या बाकीच्या बायका वर्तमानपत्राला उदबत्तीनं भोकं पाडून तो कागद अंगणात पसरायच्या आणि वरून रांगोळी फिरवायच्या. आत्याला कागद कधी लागला नाही. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी ती उकिडवी बसून, बोलत बोलत घालायची आणि शेवटच्या ओळीला पोचली तरी पहिली ओळ सुतात असायची.

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेला मी कराडला पोचले तेव्हा अंगणात ठिपके होते, पण ओळ नव्हती. काही ठिपके हरभऱ्याएवढे, काही नुसता शिंतोडा. तिसऱ्या ओळीतले चार ठिपके चौथ्या ओळीत जाऊन बसले होते. आत्या पायरीवर बसून त्याकडे बघत होती. "हात जातो तिकडे, पण थांबत नाही गं," म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." मीही तेच धरून चालले.

पुढच्या तीन महिन्यांत बरंच काही झालं. चालताना ती पाय फाकवून टाकायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. फोनवर जीभ जड वाटायची, जणू आत्ताच झोपेतून उठलीय. पायऱ्या उतरताना भिंतीला हात. वय सहासष्ट, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ते वयाच्या खात्यात जमा केलं. माघातल्या एका लग्नात लांबच्या नात्यातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, "आत्या काही घेते का गं?" चहासुद्धा दिवसातून एकदाच घेणारी बाई! मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या क्षणी ठणकावून बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आत्या खरंच काहीतरी घेत होती. बावन्न वर्षं घेत होती. रोज रात्री, जेवणानंतर, एक पांढरी गोळी.

तेराव्या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तिला पहिली फिट आली. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल. मग देवऋषी झाला, अंगारा झाला, गळ्यात ताईत आला. शेवटी आजोबा तिला सातारला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्यांनी फिनोबार्बिटोन लिहून दिलं. फिट थांबल्या. अगदी थांबल्या असं नाही, वर्षा-दोन वर्षांत एखादी यायची, पण ती शाळा शिकली, शिवणाचा क्लास काढला, अर्ध्या कराडच्या मुलींना ब्लाउज कापायला शिकवलं. लग्न झालं नाही. स्थळं यायची आणि 'फिटचं' कळलं की जायची. त्या काळी कायदाही त्या स्थळांच्याच बाजूचा होता. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट ही वेडाच्या शेजारी लिहिलेली होती आणि तेवढ्या कारणावर लग्न रद्द होऊ शकत होतं. तो शब्द कायद्यातून निघाला तो १९९९ मध्ये. तेव्हा आत्या चाळिशी ओलांडून गेली होती.

त्या पांढऱ्या गोळीचा इतिहास मी नंतर शोधून वाचला, कारण घरात बावन्न वर्षं राहिलेल्या माणसाचं गाव आपल्याला माहीत नसावं, तसं मला वाटलं. १८६४ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं युरिया आणि मॅलोनिक आम्ल यांच्यापासून बार्बिट्युरिक आम्ल तयार केलं. त्या आम्लाला स्वतःला झोप आणण्याचा गुण नाही. एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी त्याच्या सांगाड्याला दोन फांद्या जोडल्या आणि १९०३ मध्ये बार्बिटाल हे झोपेचं औषध आलं. बाजारात त्याचं नाव व्हेरोनाल. त्याचंच भावंड फिनोबार्बिटाल, म्हणजेच आत्याचं फिनोबार्बिटोन, १९१२ मध्ये ल्युमिनाल या नावानं आलं. तेही झोपेसाठीच.

फ्रायबर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याची राहायची खोली फिटच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वर होती. रात्री खाली झटके सुरू झाले की याची झोप मोडायची. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्यानं त्यांना हे नवं औषध दिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की रात्रीच्या फिट कमी झाल्याच, पण दिवसाच्याही झाल्या. १९१२ मध्ये त्यानं ते छापलं. त्याआधी अर्धं शतक ब्रोमाइडवर चाललं होतं, ज्यानं माणूस मंद व्हायचा आणि अंगभर पुटकुळ्या यायच्या. आत्याच्या गोळीचा उगम त्या जिन्याखालच्या वॉर्डात आहे. हाउप्टमान ज्यू होता. नाझींनी त्याची नोकरी काढून घेतली, १९३८ मध्ये त्याला डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. तिथून सुटून तो अमेरिकेला गेला आणि १९४८ मध्ये बोस्टनमध्ये वारला. ज्या माणसामुळे जगभरातल्या लाखो मुलांना प्रार्थनेच्या रांगेत पुन्हा उभं राहता आलं, त्याची ही गत झाली, हे वाचल्यावर मला बराच वेळ दुसरं काही वाचवेना.

चैत्रात मी आत्याला पुण्याला घेऊन आले. मेंदूविकारांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. त्यांनी पहिल्यांदा फाइल उघडली नाही. "घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या स्ट्रिप टेबलावर ठेवा," म्हणाल्या. आत्यानं पिशवी उलटी केली. मग बाईंनी तिला फरशीच्या सांध्यावरून चालायला सांगितलं, टाचेला चवडा लावून. तिसऱ्या पावलाला आत्या कलली. मी धरायला पुढे झाले तर बाई आधीच मागे हात पसरून उभ्या होत्या. मग आपल्या नाकाला बोट लावून समोरच्या बोटाला लावायचं. आत्याचं बोट जवळ येईपर्यंत ठीक यायचं आणि शेवटच्या दोन इंचांत थरथरत पलीकडे जायचं. झोपून एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावरून खाली सरकवायची. मांडीवर तळवा उलटा-सुलटा, भराभर मारायचा. आणि सगळ्यात शेवटी डोळे. बाईंनी पेन उजवीकडे नेलं आणि "तिथेच बघत राहा," म्हणाल्या. मी आत्याच्या शेजारी वाकून बघितलं. बुबुळं उजवीकडे गेली, हळूच मध्याकडे घसरली, आणि झटक्यानं परत उजवीकडे. पुन्हा घसरली, पुन्हा झटका. उतारावर हातगाडी मागे घसरावी आणि कुणीतरी ती पुन्हा पुन्हा ढकलावी, तसं. त्या डोळ्यांकडे मी रोज बघत होते. मला ते कधी दिसलं नव्हतं.

"घरात आणखी कुणाची चाल अशी आहे का? वडील, भाऊ?" त्यांनी विचारलं. कुणाची नव्हती. मग त्यांनी दोन बोटं दोन बाजूंना धरून आत्याला नजर इकडून तिकडे पटकन फिरवायला लावली. हा प्रश्न आणि ही तपासणी का, हे मला पुढे कळलं. हालचालींचा मेळ राखणाऱ्या लहान मेंदूचे काही आजार पिढीजात असतात, आणि त्यातल्या एकाची खूण मुंबईत सापडली. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांनी स्वामी या सहकाऱ्याबरोबर १९७१ मध्ये नऊ भारतीय कुटुंबांची हकिगत छापली. त्यांच्यात तोल तर जात होताच, पण नजर फिरवण्याची गतीसुद्धा विलक्षण मंदावली होती. जनुकांची तपासणी तेव्हा नव्हती. डोळे बघून, घराणं विचारून त्यांनी हा आजार वेगळा काढला. पुढे १९९६ मध्ये त्या प्रकारच्या आजाराचं जनुक सापडलं. आत्याची नजर मात्र पटकन फिरत होती. तो आजार नव्हता.

बाईंनी स्ट्रिपांमधली एक उचलली. "ही कधीपासून?" ही गोळी नवीन होती. आदल्या भाद्रपदात आत्याला बऱ्याच वर्षांनी मोठी फिट आली होती, तेव्हा एका रुग्णालयात तिला जुन्या गोळीच्या जोडीला व्हॅल्प्रोएट हे फिटवरचंच औषध सुरू केलं होतं. जुनी गोळी होती तेवढीच ठेवली. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. फिनोबार्बिटोनचं रक्तातलं प्रमाण दर मिलिलिटरला साधारण १५ ते ४० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावं लागतं. आत्याचं ५२ आलं.

गोळी वाढली नव्हती, औषध वाढलं होतं. फिनोबार्बिटोन शरीराबाहेर काढण्याचं बरंचसं काम यकृत करतं, आणि व्हॅल्प्रोएट यकृताचा तो हात धरून ठेवतं. मग रोजची तीच गोळी रक्तात साचत जाते. मोरी तुंबल्यावर नळ तेवढाच सोडला तरी पाणी उंबऱ्यापर्यंत येतं, तसं. ही गोष्ट औषधशास्त्रात नवी नाही, पुस्तकांत छापलेली आहे. दुसरी गोळी सुरू करण्यात चूक होती असं बाई म्हणाल्या नाहीत. फिट थांबवायलाच हवी होती. पण भाद्रपद ते माघ आत्या चार वेळा त्या रुग्णालयात जाऊन आली, चारही वेळा तिला "फिट आली का?" एवढंच विचारलं गेलं, आणि एकदाही कुणी तिला खुर्चीतून उठून चार पावलं चालायला सांगितलं नाही. त्याचा मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

लहान मेंदू म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं अनुमस्तिष्क. अंबाडा बांधतात त्याच्या आत, कवटीच्या तळाशी. वजन सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं, पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एवढ्याशा जागेत असतात. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये फ्लुराँसनं कबुतरांचा लहान मेंदू थराथरानं काढून पाहिला. कबुतराला दिसत होतं, ऐकू येत होतं, उडायची इच्छाही होती; पंखांचा मेळ तेवढा गेला होता. पुढे १८३७ मध्ये चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यानं तिथल्या मोठ्या पेशी दाखवल्या, ज्यांना त्याचं नाव मिळालं. पिंपळाचं पान वहीत ठेवून जाळी पडली की जसं दिसतं, तशी ही पेशी. तशीच चपटी, तशीच बारीक शिरांची. एकेका पेशीला लाखावर धागे येऊन मिळतात. आणि एवढं सगळं ऐकून घेऊन ती पुढे पाठवते एकच निरोप: थांब. १९६० च्या दशकात टोकियोत मासाओ इतो यांनी हे दाखवलं, की लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा हुकूम हा निव्वळ अडवण्याचा आहे. हात कुठे जावा यापेक्षा कुठे थांबावा, हे तिथे ठरतं.

अंगणातलं आत्याचं वाक्य मला आठवलं. हात जातो तिकडे, पण थांबत नाही गं.

थांब म्हणण्यासाठी मेंदू जे रसायन वापरतो त्याला गाबा म्हणतात. ते पेशीवरच्या कुलपाला लागलं की बारीकशी खिडकी उघडते, क्लोराइड आत जातं आणि पेशी गप्प होते. बार्बिट्युरेटची, म्हणजे फिनोबार्बिटोनच्या घराण्यातली, गोळी ही खिडकी जास्त वेळ उघडी ठेवते. फिट म्हणजे पेशींचा एकाच वेळी उठलेला गलका, म्हणून ही गोळी फिट थांबवते. पण लहान मेंदूचं सगळं कसब 'थांब' नेमकं केव्हा म्हणायचं यात आहे. ते सेकंदाच्या शतांश-सहस्रांशाचं काम. तिथे प्रत्येक 'थांब' लांबला की ताल बिघडतो. जीभ जड, चाल फाकलेली, डोळे घसरणारे. दारू पिऊन माणूस झोकांड्या खातो तोही बऱ्याच अंशी याच वाटेनं. लग्नातल्या त्या बाईंना जे दिसलं ते चुकीचं नव्हतं. त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा होता.

अभ्यासकांनाही या औषधानं एका वेगळ्या रीतीनं चकवलं. लहान मेंदूतल्या विद्युत लहरी मोजायच्या तर प्राण्याला भूल द्यावी लागायची, आणि ती बहुतेकदा बार्बिट्युरेटचीच असायची. म्हणजे ज्या पेशींचं काम बघायचं त्यांनाच आधी झोपवायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टॉमस थॅक यांनी जाग्या माकडांच्या पुर्किन्ये पेशी ऐकल्या, तेव्हा हालचाल चालू असताना त्या काय बोलतात हे कळायला लागलं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो गॉर्डन होम्स. पहिल्या महायुद्धात हा ब्रिटिश डॉक्टर फ्रान्समध्ये होता. डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक त्याच्याकडे येत. एका बाजूचा लहान मेंदू जखमी आणि दुसऱ्या बाजूचा शाबूत, म्हणजे त्याच माणसाच्या दोन हातांची तुलना करता यायची. १९१७ मध्ये त्यानं ही निरीक्षणं छापली. नाकाला बोट, गुडघ्यावरून टाच, तळवा उलटा-सुलटा या तपासण्यांमागचा अर्थ त्यानं पक्का केला. त्याचा एक रुग्ण सांगतो की डावा हात आपोआप चालतो, उजव्या हाताची प्रत्येक हालचाल मात्र आधी विचार करून करावी लागते. पुढे होम्सनं रुग्णाच्या बोटाला लुकलुकणारा छोटा दिवा बांधला, अंधारात हात एका खुणेकडून दुसरीकडे न्यायला लावला आणि त्याचा फोटो घेतला. धड हाताच्या फोटोत उजेडाचे ठिपके सरळ रेषेत, बेतशीर अंतरावर. दुखावलेल्या हाताच्या फोटोत ते विखुरलेले, खुणेच्या पलीकडे गेलेले. ते चित्र मी पाहिलं आणि मला आमचं अंगण दिसलं.

औषध कमी करायला घाई करता येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातून फिनोबार्बिटोनचा अर्धा भाग जायलाच चारेक दिवस लागतात, आणि एकदम बंद केलं तर फिटचा लोंढा येऊ शकतो. बाईंनी महिन्या-महिन्यानं थोडं थोडं उतरवलं. आत्यानं शिवणाच्या मापांच्या जुन्या वहीत तारखा लिहिल्या. छाती-कंबर-बाही असे छापल्यासारखे रकाने होते, त्यातच. सहाव्या आठवड्याला तिची जीभ मोकळी झाली. फोनवर तिनं मला नेहमीसारखं दटावलं आणि मी रडले. आषाढापर्यंत डोळ्यांचा झटका गेला.

सगळं मात्र परत आलं नाही. एमआरआयमध्ये लहान मेंदू थोडा आक्रसलेला दिसला, घड्यांमधल्या फटी रुंद झालेल्या. "हे गोळीनं झालं का?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नक्की नाही सांगता येणार."

यावरचा वाद फार जुना आहे. म्युनिकच्या श्पीलमायर यांना फिटच्या रुग्णांच्या मेंदूत पुर्किन्ये पेशी मेलेल्या सापडल्या होत्या, त्या १९२० च्या दशकात. फेनिटॉइन हे फिटचं दुसरं मोठं औषध तेव्हा वापरात यायचंच होतं. ते आलं १९३८ मध्ये. श्पीलमायर यांच्या मते दोष फिटचा होता, त्या वेळी पेशींना रक्त अपुरं पडतं. १९५८ च्या सुमारास फेनिटॉइन जास्त झालेल्या रुग्णांमध्ये कायमची इजा दिसली, तेव्हा बोट औषधाकडे वळलं. १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या डाम यांनी प्राण्यांना तेच औषध देऊन पेशी मोजल्या, त्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत, आणि बोट पुन्हा फिटकडे आलं. फिनोबार्बिटोनबद्दल प्रौढांमध्ये एवढं कळतं की जास्त मात्रेनं गेलेला तोल मात्रा उतरली की बहुतेक परत येतो. पण १९८० च्या सुमारास जेरुसलेममध्ये यनाई आणि बेर्गमन यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना, म्हणजे लहान मेंदू वाढत असतानाच, हे औषध दिलं. त्यांच्यात मोठेपणी पुर्किन्ये पेशी कमी भरल्या. आणि १९९० मध्ये अमेरिकेत तापाच्या झटक्यांसाठी फिनोबार्बिटाल दिलेल्या लहान मुलांचा बुद्ध्यंक दोन वर्षांनी ८ गुणांहून जास्त कमी आढळला, त्यात झटकेही कमी झाले नव्हते.

मग हे औषध टाकून द्यावं का? मला तसं वाटत नाही, आणि हे मी आत्याच्या फरशीवरच्या पावलांकडे बघून लिहितेय. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांत फिट येणाऱ्या मुलांना हे औषध आणि फेनिटॉइन यांची तुलना करून दिलं गेलं, त्यात याच्यामुळे वागण्यात जास्त बिघाड दिसला नाही. कर्नाटकात येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी यांनी याच स्वस्त गोळ्यांवर गावोगावचे रुग्ण सांभाळले. नवजात बाळांच्या झटक्यांवर २०२० मध्ये लेव्हेटिरासेटाम या नव्या औषधाशी याची गाठ घातली, तर चोवीस तास झटके थांबले ते याच्यानं ८० टक्के बाळांचे आणि नव्यानं २८ टक्के. उंदरांचं वाचून ज्याचा जीव धसकतो, त्याला हा आकडाही वाचावा लागतो. आणि जी गोळी गरिबाच्या घरी पोचते, तिच्या मागून तपासणारी नजरही तिथे पोचली पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही. एक पेन, एक सरळ रेष आणि दहा मिनिटं.

एकदा मी आत्याला हे सगळं सांगितलं, हाउप्टमानची खोली, कबुतरं, पिंपळाची जाळी. ती टाके घालत ऐकत होती. सुई आता मी ओवून देते. "म्हणजे गोळीनं घेतलं असेल थोडं," ती म्हणाली. "पण फिटनं सगळंच घेतलं असतं. तेरा वर्षांची होते गं मी." आणि तिनं दातानं दोरा तोडला.

आता मी महिन्यातून एकदा कराडला जाते. जेवण झालं की मधल्या घरात फरशीच्या सांध्यावरून ती चालते, टाचेला चवडा, आणि मी हात पसरून मागे उभी राहते. पावलं मोजून वहीत लिहायची, 'बाही'च्या रकान्यात. फाल्गुनात सात झाली होती. गेल्या रविवारी नऊ झाली आणि दहाव्याला तिनं कपाटाला हात लावला. "नऊच लिही," म्हणाली, "दहावं धरून टाकलंय."